विनीच्या खुंटीचा ठराव

विनीचा कोट त्या आठवड्यात चौथ्यांदा चिंब होऊन घरी आला, तेव्हा टेसा थिबोने ठरवलं की आता शाळेत जाऊन एक साधी गोष्ट सांगून यायची. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. फक्त सांगायचं की बालवर्गातल्या पोरांसाठी कोटाच्या खुंट्या जरा खाली लावा. दहा मिनिटांचं काम.

टिलसन हॉलोच्या शाळेत बालवर्गापासून सहावीपर्यंत सगळी मिळून एकवीस मुलं. खुंट्या मात्र अशा उंचीवर, की त्यांवर कोट अडकवायचा तर आधी सहावी पास व्हावं आणि मग आणखी थोडी वाट पाहावी. कोट पायाशी पडायचे, त्यांच्यावर बुटांचा बर्फ वितळायचा, आणि व्हरमाँटच्या जानेवारीत पाच वर्षांची विनी ते ओझं अंगावर घालून घरी यायची. टेसा स्वतः ह्याच शाळेत शिकलेली. तिचाही कोट खालीच पडलेला असायचा. पण स्वतःचा ओला कोट माणूस विसरून जातो, लेकीचा नाही विसरता येत.

टेसा गेली ती छातीशी झोळीत पाच महिन्यांचा ऑगी घेऊन. ऑगीबद्दल इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. बाळ गोड होतं, गुबगुबीत होतं, हसरं होतं. पण त्याला आई उभी लागायची. टेसा बसली की त्याला कळायचं. गाढ झोपेतही कळायचं. खुर्चीला तिचा स्पर्श झाला रे झाला की झोळीतून असा आवाज निघायचा की शेजारच्या गोठ्यातल्या गाई माना वर करायच्या. त्यामुळे नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून टेसा उभ्याने जेवत होती, उभ्याने फोनवर बोलत होती, आणि नवरा कोल्बी म्हणायचा त्याप्रमाणे उभ्याने झोपायलाही शिकली होती, "घोड्यासारखी". कोल्बी गावाच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा. उपमा देताना तो फार लांब जात नसे.

"खुंट्या?" बालवर्गाच्या मिस डोटी म्हणाल्या. "अगं, मी तर तेवीस वर्षं सांगतेय. पण भिंत माझी नाही ना!"

"मग कुणाची आहे?"

मिस डोटींनी खिडकीबाहेर पाहिलं. भिंत नक्की कुणाची, ह्यावर त्यांनीही कधी खोलात विचार केलेला दिसत नव्हता. "सुपरिंटेंडंटना विचार," त्या म्हणाल्या.

सुपरिंटेंडंट फर्नम सहा गावांना मिळून एक होते आणि त्यांचं ऑफिस ह्या सहांपैकी एकाही गावात नव्हतं. फोनवर मात्र ते फार सौजन्याने बोलले. त्यांनी टेसाला समजावून सांगितलं की खुंट्या जर लाकडी स्टँडवर असत्या तर ते फर्निचर झालं असतं, आणि फर्निचरचे पैसे गोठवलेले आहेत. त्या भिंतीत ठोकल्या तर तो इमारतीतला बदल होतो, आणि इमारतीतला बदल गावसभेने मंजूर करावा लागतो.

"मी स्वतःच येऊन ठोकते ना. खिळे घरचे."

"मिसेस थिबो," सुपरिंटेंडंट हळूच म्हणाले, जणू समोर कुणी फार आजारी आहे, "तुम्ही ठोकलेल्या खुंटीवर कुणाचं डोकं आपटलं तर विमा कोणाचा?"

टेसाने विनीच्या डोक्याच्या आणि खुंटीच्या उंचीचा मनात हिशेब केला. तो काही जमला नाही. तिने घाईघाईने विषय बदलला आणि विचारलं की शाळेला पैसे येतात तरी कुठून. हा प्रश्न विचारायला नको होता. पुढचा अर्धा तास ती स्वयंपाकघरात ऑगीला डोलवत उभी होती आणि कानात आकडे ओतले जात होते. तिला एवढंच कळलं की गाव घरपट्टी भरतं, ती राज्याकडे जाते, राज्य ती सगळ्या गावांची एकत्र करून परत वाटतं, आणि वाटताना मुलं मोजतात. पण मुलं आपण मोजतो तशी मोजत नाहीत. काही मुलं एकापेक्षा जास्त धरतात, काही कमी. डोंगरातलं मूल जास्त, गरीब घरातलं मूल जास्त, आणि बालवर्गातलं...

"म्हणजे माझी विनी एक मूल नाहीये?"

"कागदोपत्री," सुपरिंटेंडंट म्हणाले, "नाही."

त्या रात्री टेसाने झोपलेल्या विनीकडे बराच वेळ पाहिलं. पांघरुणातून एक पाय बाहेर, तोंड उघडं, मुठीत मोज्याची एकच जोडी, दोन्ही वेगळ्या रंगांची. तिला तरी ती पूर्ण दिसत होती.

शेजारची लोरेन ड्युकेट म्हणाली, "तू गेलीस कशाला फर्नमकडे? माझ्याकडे यायचंस." लोरेन साठीची, विधवा, गावसभा आजवर एकदाही न चुकवलेली, आणि प्रत्येक सभेला एक हातमोजा विणून पूर्ण करणारी. दुसरा हातमोजा पुढच्या सभेत. "त्या खुंट्या मुलांसाठी नाहीतच मुळी. गावसभा शाळेच्या व्यायामशाळेत भरते की नाही? माझ्या सासऱ्यांनी आणि चार जणांनी त्या ठोकल्या, मतदारांचे कोट टांगायला. मुलं वर्षभर वापरतात ती आपली फुकट."

"म्हणजे वर्षातून एक दिवस लागतात म्हणून..."

"वर्षातला तोच तर दिवस महत्त्वाचा!" लोरेन मनापासून चकित होऊन म्हणाली.

शेवटी टेसाने शाळा समितीचे अध्यक्ष लिओ बेनवा ह्यांना गोठ्यात गाठलं. दूध काढता काढता ते म्हणाले, "बजेट छापून झालंय, पोरी. पण काही बिघडत नाही. मार्चच्या गावसभेत उपसूचना मांड: खुंट्या लहान मुलांच्या उंचीवर लावाव्यात, त्यासाठी बजेटमध्ये तीनशे डॉलर वाढवावेत. मी अनुमोदन देतो. लोक 'हूं' म्हणतील. झालं."

"कुणी विरोध केला तर?"

"खुंट्यांना?" लिओ गाईच्या पोटाला कपाळ टेकवून हसले. "खुंट्यांना कोण विरोध करणार?"

मार्चचा पहिला मंगळवार उजाडला तो नको इतका छान. रात्री गोठवणारी थंडी आणि सकाळी लख्ख ऊन. म्हणजे मेपलच्या झाडांतून रस धो धो वाहणार. गावातल्या निम्म्या लोकांची तो रस आटवून पाक करायची गुऱ्हाळं, आणि रस काही सभेसाठी थांबत नाही. जो तो घड्याळाकडे बघत आत येत होता, कोट त्या उंच खुंट्यांवर सहज, हात न ताणता अडकवत होता, आणि टेसाला एकेक कोट अडकताना वर्मी लागत होतं.

सभेच्या अध्यक्षा रूथ-अ‍ॅन हॅपगुड. बाईंची गावात दोन गोष्टींबद्दल ख्याती: त्यांच्या राईच्या पावाबद्दल, आणि सख्ख्या भावाला सभेत 'श्रीयुत हॅपगुड, खाली बसा' म्हणण्याबद्दल. त्यांनी हातोडी आपटली. रस्त्यांचं झालं, आगीच्या बंबाचं झालं, कुत्र्यांच्या परवान्यांचं झालं. मग शाळेचं बजेट आलं आणि टेसा उठली. म्हणजे उठली असं नाही म्हणता येणार, कारण ती उभीच होती. मागच्या भिंतीशी, झोळीतल्या ऑगीला डोलवत.

"उपसूचना," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं पाठ केलेलं एका दमात म्हणून टाकलं.

"अनुमोदन," लिओ म्हणाले.

"चर्चा?" रूथ-अ‍ॅन म्हणाल्या, ज्या सुरात लोक 'अजून काही हवंय का?' असं पाहुणे दारात उभे असताना विचारतात.

एल्सवर्थ पिकेट उठले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, उंच, वाकलेले. गुरं विकून टाकलेली, जमीन मात्र होती, आणि त्या जमिनीवरची घरपट्टी दरवर्षी वाढायची. "अध्यक्षबाई, मला एकच विचारायचंय. किती मुलांसाठी खुंट्या?"

"सात," टेसा म्हणाली. "लहानांसाठीच."

"आणि शाळेत एकूण?"

"एकवीस."

"आणि ह्या एकवीस मुलांवर आपण खर्च किती करतो?"

लिओंनी आकडा सांगितला. एवढ्या लोकांनी एकाच वेळी खुर्चीत कूस बदलली की व्यायामशाळेची लाकडी जमीन कुरकुरली. आकडा दरवर्षी तोच असायचा, छापूनही यायचा. पण मोठ्याने कुणी म्हटलेला नव्हता.

"बरं. आणि एवढ्या पैशात मुलं शिकतात किती?" एल्सवर्थनी राज्याकडून आलेला शाळेच्या निकालाचा तक्ता डोक्यावर धरला. "हे बघा. गणित: कोरं. वाचन: कोरं. तीन वर्षं झाली. घरपट्टी भरतो मी, आणि मिळतं काय? कोरं!"

मिस डोटी लाल झाल्या. "ते कोरं नाहीये, मिस्टर पिकेट! तिसरीत दोनच मुलं आहेत. आकडा छापला तर कुणाला किती मार्क ते सगळ्यांना कळेल, म्हणून राज्य छापत नाही. ती गुप्तता आहे!"

"रेमी बेनवाला पाढे येत नाहीत," मागून कुणीतरी मदतीला धावून म्हणालं.

"येतात आता!" रेमीची आजी उसळली. "सातापर्यंत येतात!"

"म्हणजे गावाला माहीत आहे, फक्त राज्याला सांगायची चोरी," एल्सवर्थ म्हणाले. "मला त्या पोराविरुद्ध काही म्हणायचं नाही. माझेही आठाचे पाढे कच्चेच आहेत. मला एवढंच विचारायचंय, की शाळा चांगली चाललीये की वाईट? कुणी सांगेल?"

गंमत अशी की कुणीच सांगू शकलं नाही. लिओंनी सभेला आलेल्या सुपरिंटेंडंटकडे पाहिलं, सुपरिंटेंडंटनी कागदांकडे पाहिलं. टेसालाही वाटलं, खरंच की, चांगली की वाईट? विनी वाचायला लागली होती, पण ती पावाच्या पाकिटावरचं. ते शाळेचं श्रेय की पावाचं? तिला फक्त खुंट्या हव्या होत्या. तीनशे डॉलरच्या खुंट्यांना धरून एवढं मोठं काहीतरी जमिनीतून वर येतंय, हे बघून ती पार गोंधळून गेली.

खुंट्यांना मात्र सभेने दणदणीत 'हूं' म्हटलं. एवढं बोलून झाल्यावर खुंट्या नाकारणं बरं दिसलं नसतं. बजेटही झालं. टेसाने सुटकेचा श्वास सोडला. आणि रूथ-अ‍ॅननी नववा विषय वाचला.

नववा विषय दरवर्षी असायचा. गावची शाळा बंद करावी काय, आणि मुलांना फी भरून डोंगरापलीकडे वेस्ट कॉर्बीला पाठवावं काय. एल्सवर्थच्या वडिलांनी कधीकाळी सह्या गोळा करून तो यादीत घातला होता, आणि काढायचा कसा हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे तो राहिला होता. दरवर्षी लिओ म्हणत, 'विषय बाजूला ठेवावा', दरवर्षी लोक 'हूं' म्हणत, आणि मग जेवणाची सुट्टी व्हायची. नववा विषय म्हणजे गावाला जेवणाची घंटाच वाटायचा.

"विषय बाजूला ठेवावा," लिओ म्हणाले. चार जण जेवायला अर्धे उठलेही.

"ह्या वर्षी नको," एल्सवर्थ म्हणाले. "ह्या वर्षी बोलू या."

बाजूला ठेवावा की नाही ह्यावर मत झालं. 'हो' म्हणजे ठेवावा, की 'हो' म्हणजे ठेवू नये, हे टेसाला कळलं नाही, आणि ती दोन्हींना काहीच म्हणाली नाही. विषय चर्चेला राहिला. मग तासभर लोक बोलले. कुणी म्हणालं, वेस्ट कॉर्बीला बँड आहे. कुणी म्हणालं, बँड आहे पण डोंगर आहे, आणि जानेवारीत त्या वळणावर बस कशी जाणार. लोरेन म्हणाली, शाळा गेली तर गावसभा कुठे भरवणार? ह्या मुद्द्यावर मात्र दोन्ही बाजूंच्या माना हलल्या.

टेसाला आता फक्त ती बस दिसत होती. डोंगरापलीकडे, पाऊण तास, पाच वर्षांची पोर, अंधारात निघून अंधारात परत. आणि हे सगळं कुणामुळे? खुंटीमुळे! तिचे पाय भरून आले. ऑगी कधीच झोपला होता. समोर एक खुर्ची रिकामी होती. ती श्वास रोखून, तसूतसूने तिच्यावर बसली. ऑगी झोपलेलाच. थँक्सगिव्हिंगनंतर प्रथमच तिच्या पाठीला खुर्चीची पाठ लागली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आवाजावरून ठरत नाही," रूथ-अ‍ॅन कुठेतरी लांब म्हणत होत्या. "मोजणी करू. शाळा बंद करण्याच्या बाजूने असतील त्यांनी उभं राहावं."

लोक उठले. खुर्च्या करकरल्या. ऑगीने डोळे उघडले, आई बसलेली आहे हे त्याला कळलं, आणि त्याने हनुवटी थरथरवली. ती थरथर टेसाला ठाऊक होती. तीन सेकंद हातात असतात. ती चटकन उभी राहिली आणि डोलायला लागली. ओ ओ ओ, माझं सोनं, ओ ओ ओ.

रूथ-अ‍ॅन पेन्सिलीने हवेत टोचत मोजत आल्या. टेसापाशी पेन्सिल क्षणभर थांबली. टोचून पुढे गेली.

"बाजूने एक्केचाळीस. विरुद्ध असतील त्यांनी उभं राहावं... चाळीस. ठराव मंजूर."

बाहेर छपरावरून वितळणारं पाणी टपटपत होतं. मग सगळ्या माना मागे वळल्या.

"मी नाही!" टेसा म्हणाली. "म्हणजे मी उभी होते, पण बाजूने नव्हते! तो बसू देत नाही मला!"

"कोण बसू देत नाही?" रूथ-अ‍ॅननी विचारलं.

"हा!"

सभेने ऑगीकडे पाहिलं. ऑगी, आई उभी असल्यामुळे, प्रसन्न हसला.

"मनातलं मोजायची सोय नाही, मिसेस थिबो," रूथ-अ‍ॅन म्हणाल्या. "उभं असलेलं मोजतात. दोन्ही वेळा उभ्या असलात, तरी एकदाच धरतात. पहिल्यांदा धरलं."

लिओ ताडकन उठले. "पुन्हा मत घ्या!"

"आपण हरलात, श्रीयुत बेनवा. फेरविचार मागायचा हक्क जिंकलेल्या बाजूच्या माणसालाच असतो. हरणाऱ्यांना दिला तर सभा कधी संपायचीच नाही. जेवणाची सुट्टी!" आणि हातोडी.

जेवणाच्या रांगेत टेसाला जागा मोकळी मिळाली, पुढेही, मागेही. हॅम होतं, मेपलच्या पाकात रात्रभर शिजलेला घेवडा होता, मिस डोटींच्या वर्गाने केलेले वाकडेतिकडे डोनट होते. टेसाच्या ताटलीत कुणी काही वाढेना.

"खुंट्या हव्या होत्या ना?" लिओंच्या बायकोने विचारलं. "घे आता. एकवीसच्या एकवीस रिकाम्या."

कोल्बी चिखलात रुतलेली कुणाची तरी गाडी ओढून, गुडघ्यापर्यंत माखून तेवढ्यात आत आला. दारापासून टेसापर्यंत पोचेस्तोवर त्याला अकरा जणांनी बातमी सांगितली होती. तो तिच्यासमोर उभा राहिला, टोपी काढली, डोकं खाजवलं.

"तू शाळा बंद केलीस?"

"चुकून," टेसा म्हणाली.

कोल्बीने बराच विचार केला. "घेवडा खाल्लास का?" त्याने विचारलं. आणि स्वतःची ताटली तिच्या हातात देऊन तो पुढची गाडी ओढायला गेला. ह्या माणसाशी लग्न का केलं, असा प्रश्न टेसाला वर्षातून तीनचारदा पडायचा, आणि उत्तर साधारण असंच मिळायचं.

पलीकडे लोरेन घेवडा वाढत होती. टेसाकडे बघताच तिचा डाव हवेतच राहिला.

"तू उभी होतीस," ती म्हणाली.

"हो! सगळे तेच म्हणताहेत! तुम्हीही म्हणा!"

"अगं वेडे, तू *उभी* होतीस!"

"सांगितलं ना, तो बसू देत—"

"तू जिंकलेल्या बाजूची आहेस!" लोरेनने डाव घेवड्यात आपटला. पाक उडाला. "आमच्यातलं त्या बाजूला दुसरं कुणीच नाही. तिकडचे बाकीचे चाळीस जण फेरविचार मागणार नाहीत, आणि आम्हाला मागता येत नाही. तुलाच येतं. फक्त तुला!"

टेसाला समजायला वेळ लागला. तिने मनातल्या मनात दोनदा उलटसुलट करून पाहिलं: ती चुकली म्हणून हरली, म्हणून जिंकली, म्हणून आता... तिसऱ्या वेळी ती ताटली खाली ठेवून धावली. दारात लोक कोट काढून घेत होते. रस वाहत होता, भट्ट्या पेटायच्या होत्या. एल्सवर्थ तर हात वर करून म्हणतही होते, "अध्यक्षबाई, सभा तहकूब करावी असा मी—"

"फेरविचार!" टेसा दारातूनच ओरडली. "नववा विषय! मी जिंकलेली आहे!"

रूथ-अ‍ॅननी चष्म्यावरून पाहिलं. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. पण लोरेन पुढे वर्षभर शपथेवर सांगत होती की बाईंनी राईचा पाव गिळल्यासारखा काहीतरी आवंढा गिळला. "मिसेस थिबो जिंकलेल्या बाजूच्या आहेत. त्यांना हक्क आहे. अनुमोदन?"

लिओंसकट चौदा जणांनी दिलं.

"हा फसवणुकीचा प्रकार आहे!" एल्सवर्थच्या बाजूचं कुणीतरी ओरडलं. "मघाशी उभी, आता म्हणते बसलेली!"

एल्सवर्थ पिकेट कोटाची एक बाही घालून उभे होते. दुसरी लोंबत होती. त्यांनी टेसाकडे पाहिलं, झोळीकडे पाहिलं, आणि फार मोठा, फार जुना सुस्कारा सोडला. "घेऊ द्या मत," ते म्हणाले. "मला जिंकायचंय. पण अजून दात न आलेल्या माणसाच्या मतावर नाही."

फेरविचाराला सभेने 'हूं' म्हटलं. मध्येच आठदहा जण दोन्ही बाजूंचे रस बघायला निघून गेले होते. आता कोण किती, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

"शाळा बंद करण्याच्या बाजूने असतील त्यांनी उभं राहावं."

टेसा बसली. पहिल्या रांगेत, मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी. दोन्ही हातांनी खुर्चीची कड घट्ट धरून. ऑगीने एक क्षण अविश्वासाने तिच्याकडे पाहिलं. आणि मग त्याने तोंड उघडलं.

हा आवाज व्यायामशाळेत घुमतो कसा, ते आजवर कुणी तपासलं नव्हतं. खिडक्यांच्या काचा थरारल्या. रूथ-अ‍ॅन ओरडून मोजायला लागल्या. "सोळा! सतरा!" उभे असलेले लोक एकमेकांकडे पाहायला लागले. "उचला त्याला कुणीतरी!" "उभी राहा गं बाई, उभी राहा!" एल्सवर्थच्याच बाजूच्या तीन बायका कळवळून म्हणाल्या. टेसाचे पाय आपोआप ताठ व्हायला लागले; तीन महिन्यांची सवय. तिने दात आवळले. बाळाच्या लालबुंद गालावरून थेंब ओघळून तिच्या मनगटावर पडला, तशी तीही रडायला लागली. पण उठली नाही. "थांब रे माझ्या राजा," ती त्याच्या कानाशी म्हणत होती, "एवढं एकदा. तुझ्या ताईसाठी. थांब."

"छत्तीस!" रूथ-अ‍ॅन ओरडल्या. "विरुद्ध असतील त्यांनी—"

टेसा उठली होती. आवाज असा तोडल्यासारखा थांबला की रूथ-अ‍ॅनचा 'उभं राहावं' नुसताच त्या शांततेत घुमला. ऑगीने एक उचकी दिली. सगळी सभा हसली, दोन्ही बाजू, एल्सवर्थही. पेन्सिल हवेत टोचत निघाली.

"सदतीस. ठराव नामंजूर. शाळा राहील." आणि मग, बहुधा चुकून, रूथ-अ‍ॅन म्हणाल्या, "बसा आता, मिसेस थिबो." आणि लगेच, "किंवा नका बसू."

लोक पांगले. एल्सवर्थ जाताना टेसापाशी थांबले. "पुढच्या वर्षी पुन्हा," ते म्हणाले.

"हो, मिस्टर पिकेट."

"शाळा चांगली आहे की वाईट, मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

"मलाही," टेसा म्हणाली. ते तिने अगदी खरं सांगितलं.

घरी जाताना गाडीत विनीला सगळी हकीकत सांगितली. शाळा राहिली, आणि खुंट्याही मंजूर झाल्या. आता तुझा कोट खाली पडायचा नाही. विनी डोनटला लागलेली साखर बोटाने पुसत होती.

"पण मी तो पाडते," ती म्हणाली.

"काय?"

"मिस डोटी टांगून देतात ना. मग मी उडी मारून पाडते. खाली गरम पाण्याची नळी आहे. तिच्यावर कोट टाकला की घरी येताना तो गरम गरम असतो. सगळे तसंच करतात." तिने बोट चाटलं. "टांगलेला गार असतो."

टेसाने आरशात मागे पाहिलं. कागदोपत्री पूर्ण एक नसलेली तिची लेक समाधानाने खिडकीबाहेर बघत होती. "ओला असतो ना पण?" टेसाने क्षीण आवाजात विचारलं.

"ओला गरम," विनीने समजावून सांगितलं. "तू विचारलंच नाहीस."

ही गोष्ट टेसाने कोल्बीलाही सांगितली नाही.

ऑगस्टमध्ये खुंट्या बसल्या. सुपरिंटेंडंटनी ठराव बारकाईने वाचला, आणि त्यांच्या लक्षात आलं की सभेने 'खुंट्या लहान मुलांच्या उंचीवर लावाव्यात' असं मंजूर केलं आहे; जास्तीच्या खुंट्यांना काही मंजुरी नाही. त्यामुळे त्यांनी जुन्या सगळ्या उपटून त्याच खाली लावून घेतल्या.

पुढच्या मार्चच्या पहिल्या मंगळवारी टिलसन हॉलोचे मतदार व्यायामशाळेत आले, आणि त्यांनी वाकून, कुणी गुडघ्यावर बसून, कोट अडकवले. लांब कोटांचे घेर जमिनीवर लोळले, त्यांच्यावर बुटांचा बर्फ वितळला, आणि पहिल्या विषयापर्यंत पोचेस्तो गावातले सगळे कोट चिंब झाले होते. रूथ-अ‍ॅननी हातोडी आपटण्याआधीच एल्सवर्थ पिकेट, हातात पाणी गळणारी बाही धरून, उभे राहिले.

"अध्यक्षबाई, खुंट्यांच्या संदर्भात मला एक उपसूचना—"

सभेतून एकच कण्हणं उठलं. लिओंनी डोकं दोन्ही हातांत धरलं. लोरेनने गेल्या वर्षीच्या हातमोज्याची जोडी विणायला सुरुवात केली.

टेसा पहिल्या रांगेत बसली होती. आता तिला बसता यायचं. तिने कुणाच्याही नजरेला नजर न देता, ह्या सभेत काहीही झालं तरी उठायचं नाही असं ठरवून, खुर्चीची कड धरली. तिच्या मांडीवरून दीड वर्षांचा ऑगी सरसर खाली उतरला, तिच्या गुडघ्याला धरून दोन पायांवर ताठ उभा राहिला, आणि अध्यक्षांकडे बघून हसला.

रूथ-अ‍ॅन हॅपगुडनी चष्मा खाली ओढला आणि पेन्सिल उचलली.

"श्रीयुत थिबो," त्या म्हणाल्या, "आपण खाली बसा. आपल्याला गेल्या वर्षी एकदा धरलेलं आहे."